मुंबईच्या टेरेसवर डेलिया : सप्टेंबर ते पुढचा ऑक्टोबर, जसं झालं तसं

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, सात मजली, आणि टेरेसच्या एका कोपऱ्यात कुंड्या ठेवायची परवानगी मला मिळाली ती दोन अटींवर, स्लॅबवर पाणी साचता कामा नये आणि कुंड्या विटांवर ठेवायच्या. झेंडू, शेवंती, जास्वंद याआधी करून झालंय. डेलिया पहिल्यांदाच. नर्सरीवाले डहेलिया म्हणतात पण आमच्या घरी डेलियाच, कारण पाचगणीला आत्याच्या अंगणात होती ती, गडद मरून रंगाची, ताटलीएवढी. ते घर आता नाही. मला तोच रंग हवा होता, बाकी कुठला आला तरी चालणार होता पण तो हवाच होता.

जे व्हिडिओ बघितले ते एकतर बर्फ पडणाऱ्या देशातले, नाहीतर कोलकात्याचे. आपली थंडी जेमतेम दोन-अडीच महिन्यांची, त्यात कुठलंच वेळापत्रक नीट बसत नाही. म्हणून नोंदी ठेवल्या, कुणाला उपयोग होईल.

२२ सप्टेंबर

ऑनलाइन मागवलेले कंद आले. ५ कंद, ४८० रुपये. फोटोत हाताच्या पंजाएवढे होते, आले ते करंगळीएवढे. दोघांची मान मोडलेली, म्हणजे कंद आणि वरचा गड्डा यांच्यामधला बारीक भाग वाकून सालावर लोंबत होता. मी म्हटलं माती मिळाली की धरतील. १० इंची कुंड्या, नर्सरीची लाल माती दोन भाग, शेणखत एक भाग, आणि लावल्यावर खालून पाणी निघेपर्यंत पाणी. अजून रोज संध्याकाळी एखादी सर येतेय.

६ ऑक्टोबर

पंधरा दिवस झाले, एकच कोंब. बाकी चार उकरून बघितले. दोन गिळगिळीत झालेले, बोट लावलं की आत जातं, घाण वास. मान मोडलेले दोन मात्र कडक, ताजे, जसे लावले तसेच, आणि तेही उपयोगाचे नाहीत हे मला आज कळलं. बटाट्याला अंगभर डोळे असतात, डेलियाच्या कंदाला नसतात. डोळा असतो तो फक्त वर, जिथे कंद जुन्या खोडाला चिकटलेला असतो त्या गड्ड्यावर. मान मोडली की खालचा कंद महिनोन्‌महिने जिवंत राहील पण फुटणार कधीच नाही. विकत घेताना आधी मान बघा, मग डोळा, आकार सगळ्यात शेवटी.

कुजले ते पाण्यामुळे. कोंब वर येईपर्यंत कंदाला मुळंच नसतात, पाणी प्यायचं कशाने? माती नुसती ओलसर पुरते. मी पाच दिवसांत तीनदा बादली ओतली, वर पाऊस.

१२ ऑक्टोबर

सगळी माती उपसली. ही लाल माती ओली असताना चिखल आणि वाळली की वीट, कुंडीच्या कडेने फट पडते आणि पाणी तिथूनच निघून जातं, मधे कोरडं. नवीन मिश्रण असं केलं: लाल माती ३ भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३, गांडूळखत २, धुतलेली जाड रेती २. प्रत्येक कुंडीत एक मूठ निंबोळी पेंड, एक मूठ बोनमील (हाडांचा चुरा). कोकोपीटची वीट भिजवून दोनदा पाणी काढून टाकलं, त्यात खार असतो. तपासायची माझी पद्धत साधी, एक मग पाणी ओतायचं आणि बघत बसायचं. आधीच्या मातीत ते वर तळ्यासारखं उभं राहायचं, आता लगेच आत जातं आणि थोड्या वेळात खालून थेंब पडायला लागतात.

कुंड्यांऐवजी १२ इंची ग्रो बॅगा घेतल्या, सोसायटीला वजनाची काळजी होती म्हणून. खाली प्रत्येकी तीन विटा.

तीन आठवडे गेले. आपल्याकडे तीन आठवडे म्हणजे हंगामाचा मोठा तुकडा.

१९ ऑक्टोबर

कंदांचा नाद सोडून नर्सरीतून मुळं धरलेली कटिंग आणली, १२ नग, ३५ रुपयांनी ४२०. रंग विचारला तर "मिक्स आहे ताई, फुललं की कळेल." पिशव्यांवर १ ते १२ नंबर टाकले.

रविवार होता, सकाळी स्वयंपाक आटपून लावायला घेतली ती साडेअकरा वाजता. ऑक्टोबरचं ऊन, टेरेसचा स्लॅब तापलेला. दुपारी तीनला बघते तर सगळी मान टाकून. बेडशीट बांधून सावली केली, संध्याकाळी नऊ परत उभी राहिली, तीन गेली ती गेलीच. संध्याकाळी पाचनंतर लावायची, आठवडाभर हिरव्या जाळीखाली ठेवायची, एवढं केलं असतं तर १०५ रुपये वाचले असते.

२७ ऑक्टोबर

कबुतरं. दोन कटिंग बुंध्यापासून मोडली, खाल्ली पण नाहीत, नुसती तुडवली. नायलॉनची जाळी ५५० रुपये, वॉचमनदादांनी चार पाइप उभे करून बांधून दिली. हे काम झाडं आणायच्या आधी करा, मुंबईत कबुतर येईल का हा प्रश्नच नाही.

आता शिल्लक सात कटिंग आणि एक कंदाचं झाड.

९ नोव्हेंबर

पानांच्या चार जोड्या झाल्या की शेंडा खुडायचा, म्हणजे खालून फुटवे येतात आणि झाड बुटकं, भरदार होतं. मला हात होईना, इतक्या मेहनतीनंतर हिरवागार शेंडा नखाने तोडायचा. सातपैकी चारच खुडली, तीन तशीच ठेवली. (पुढचं आत्ताच सांगते, ती तीन एकाच दांड्यावर तीन फूट उंच गेली, प्रत्येकाला सुरुवातीला एकच फूल, आणि वारा आला की पहिली तीच वाकायची. खुडलेल्यांना फूल आठ-दहा दिवस उशिरा आलं पण एकदम चार-चार.)

काठ्या पण आजच लावल्या, आणि इथे कंदाच्या झाडाचं वाटोळं होता होता वाचलं. काठी आत दाबताना मधेच कच्च असा आवाज झाला, कंद फुटला. चार दिवस झाड मलूल. काठी कंद लावतानाच रोवून ठेवायची, नंतर नाही. कटिंगच्या झाडाला अजून कंद धरलेला नसतो म्हणून ती सात वाचली.

१८ नोव्हेंबर

दोन झाडं, नंबर ५ आणि ८, बाकीच्यांच्या निम्मीच उंच. खत तेच, पाणी तेच. दुपारी मुद्दाम वर जाऊन उभी राहिले तेव्हा दिसलं, ती दोन्ही पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला आहेत. पावसाळ्यात सूर्य डोक्यावर असतो, तेव्हा मी जागा ठरवली आणि तिथे स्वच्छ ऊन होतं. आता सूर्य दक्षिणेला कललाय, टाकीची सावली रोज थोडी लांब होत त्यांच्यावर आली. डिसेंबरात भर दुपारीही मुंबईत सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीएवढी पडते, म्हणजे सात फुटी टाकीच्या मागे सहा फूट तरी जागा डेलियाला बाद. दोन्ही बॅगा ओढून दक्षिणेच्या कठड्याजवळ आणल्या. जागा ठरवताना आत्ताचं ऊन बघू नका, डिसेंबरात सावली कुठे येईल ते बघा.

३० नोव्हेंबर

मोहरीची पेंड पाण्यात भिजवून ते पाणी द्यायचं हे कोलकात्याच्या व्हिडिओत बघितलं होतं. आठवड्यातून दोनदा दिलं, आणि अंदाजाने, जरा घट्टच. पानं काळपट हिरवी, जाड, मोठी, बघून येणारे म्हणतात वा काय झाडं आहेत. कळी एक नाही. खोडंही फोफावलेली आणि ठिसूळ. पेंडीत नत्र जास्त, झाड पाल्यातच रमतं. बंद केलं, महिनाभर फक्त केळीच्या सालांचं खत आणि चमचाभर पोटॅश. मला वाटतं या एका चुकीने माझे पंधरा दिवस खाल्ले.

८ डिसेंबर

रात्री अवकाळी पाऊस, सोसाट्याचा वारा. सकाळी नंबर ५ मधोमध मोडून पडलेलं. डेलियाचं खोड आतून पोकळ असतं, एकदा वाकलं की दुमडतं आणि मग सांधत नाही. मी सुतळी एकाच जागी बांधली होती, दर फूटभरावर हवी, आणि आठच्या आकड्यात सैल, म्हणजे खोड काठीवर घासत नाही.

मोडलेला भाग टाकवेना. त्याचे पेराखाली कापून तीन तुकडे केले, खालची पानं काढली, ओल्या रेतीत खोचले आणि वर प्लास्टिकचा पारदर्शक डबा पालथा घातला. ५ चा बुंधा तसाच ठेवलाय, खालच्या पेरांवर फुटवे दिसतायत.

२१ डिसेंबर

कळ्या! प्रत्येक शेंड्याला तीन-तीन येतात, मधली मोठी, बाजूच्या दोन लहान. मोठं फूल हवं असेल तर बाजूच्या दोन हरभऱ्याएवढ्या असतानाच काढायच्या. चार झाडांवर काढल्या, बाकीच्यांवर ठेवल्या. रात्री आता शाल लागते, आणि झाडं दिवसागणिक बदलतायत. डेलिया मूळची मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली, रात्री गार लागतात तिला. आपल्या ऑक्टोबरच्या रात्री तिला किती जड गेल्या असतील ते आता कळतंय.

रेतीतल्या तीन तुकड्यांपैकी एक काळा पडला. दोन तग धरून आहेत.

४ जानेवारी

पहिलं फूल. नंबर २, गुलाबी, कडेला पांढरं. सात इंच भरलं, टेपने मोजलं. सकाळी सहाला मी आणि सासूबाई दोघी टेरेसवर, त्यांना गुडघ्यामुळे शेवटचा जिना चढवत नाही तरी आल्या. म्हणाल्या, "अगं, ही खरी वाटत नाही." बराच वेळ तिथेच बसलो.

१४ जानेवारी

संक्रांत. पाच झाडं फुललीत. आज तिळगूळ द्यायला येणाऱ्या सगळ्यांना टेरेसवर नेलं.

एक चूक मोठी झाली. सुकलेली फुलं काढत राहिली की नवीन येत राहतात म्हणून कात्री घेऊन बसले आणि भराभर कापली. नंतर टोपलीत बघते तर त्यातल्या सहा चक्क नव्या कळ्या! पाकळ्या गळलेलं जुनं फूल मिटतं तेव्हा अगदी कळीसारखं दिसतं. फरक असा, नवी कळी गोल आणि कडक, सुपारीसारखी. जुनं मिटलेलं फूल टोकदार, दाबलं तर मऊ, कधी आतून पाणी निघतं. बोटांनी दाबून मगच कापा.

आणि घरात ठेवायला फूल तोडायचं तर जवळजवळ पूर्ण उमललेलंच तोडा, डेलियाची कळी फुलदाणीत पुढे उमलत नाही. मी तोडलेल्या दोन तशाच सुकल्या.

२२ जानेवारी

नंबर ५, बुंध्यावरच्या फुटव्याला, सगळ्यात उशिरा फूल आलं. मरून रंगाचं. आत्याच्या अंगणातली ती हीच का ते मला सांगता येणार नाही, डेलियाच्या जाती असंख्य आहेत, पण पाकळीच्या टोकाकडे काळपट होत जाणारा तोच रंग. आत्याला व्हिडिओ कॉल केला. ती आधी काही बोललीच नाही, मग म्हणाली, "बाळा, याचा कंद जप."

२ फेब्रुवारी

भायखळ्याला राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, महापालिकेचं फुलांचं प्रदर्शन भरतं या दिवसांत, तिथे गेले. गर्दी सजावटीसमोर फोटो काढत होती, मी कुंड्यांजवळ काम करणाऱ्या एका माळीदादांना गाठलं आणि कंद कसा जपू ते विचारलं. त्यांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली: "उपटू नका ताई. कुंडीतच राहू द्या, फक्त पाणी तोडा." मी मान हलवली आणि पुढे काय केलं ते खाली येईलच.

१७ फेब्रुवारी

पानं वरून फिकट, बारीक ठिपके, जशी पिठी भुरभुरलीय. मला वाटलं भुरी, म्हणून बुरशीची पावडर फवारली. आठ दिवस वाया आणि झाड अजून वाईट. मग पान उलटं करून पांढऱ्या कागदावर झटकलं, ठिपके चालायला लागले. लाल कोळी. माझ्या बुरशीच्या पावडरीने त्याला काही झालं नाही. हवा कोरडी आणि गरम झाली की तो झपाट्याने वाढतो. उपाय जो लागू पडला तो असा: सकाळी पाइपने पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाणी, एक दिवसाआड, संध्याकाळी ऊन उतरल्यावर निमतेल ५ मिली एका लिटरला, चार थेंब साबणाचे, तेही पानाखालून. सगळ्यात खराब पानं काढून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. नंबर ११ गेलं. बाकी सात टिकली.

१२ मार्च

दुपारी पस्तिशीच्या वर. कळ्या उमलायच्या आधीच करपतायत, आलेली फुलं छोटी, मधे पिवळं दिसतं. संपलं. मी ४ जानेवारीपासून मोजत होते, एकूण ५८ फुलं.

हिशोब: कंद ४८०, कटिंग ४२०, माती, कोकोपीट आणि खतं ११५०, ग्रो बॅगा ३६०, जाळी ५५०, काठ्या-सुतळी १८०, निमतेल आणि पावडर ३४०. एकूण ३,४८० रुपये. पुढच्या वर्षी यातलं निम्मं तरी लागू नये, जाळी आणि माती आहेच.

५ एप्रिल

पाणी हळूहळू तोडलं, पाला वाळला, खोडं चार इंचांवर कापली. आता सात बॅगा आणि डिसेंबरातल्या दोन तुकड्यांच्या दोन छोट्या कुंड्या. ते तुकडे जगले पण फुलले नाहीत, वीतभर वाढून थांबले.

माळीदादांचं ऐकून तीन बॅगा तशाच ठेवल्या. पण व्हिडिओत सगळे उपटून, धुऊन, खोक्यात ठेवतात, आणि नंबर ५ ला मला सगळ्यात चांगली वागणूक द्यायची होती. म्हणून ५ सकट चार उपटली. कंद पाहून आनंद झाला, एकेकाला पाच-सहा. धुतले, दोन दिवस सावलीत वाळवले, 'साफ' नावाची बुरशीनाशक पावडर लावून कोरड्या कोकोपीटमध्ये झाकणाच्या प्लास्टिक डब्यात भरले, डबा बेडखाली.

बाकीच्या तीन बॅगा आणि त्या छोट्या कुंड्या टेरेसच्या जिन्याच्या केबिनमध्ये आडव्या करून ठेवल्या. खरं सांगायचं तर छोट्या कुंड्या फेकायच्या राहिल्या इतकंच.

२१ जुलै

डबा उघडला. झाकणाला आतून दव. चारपैकी दोन गड्डे पांढऱ्या बुरशीने माखलेले आणि मऊ, त्यात ५ आहे. एक चिंचोक्यासारखा सुकलाय. एकच धड.

मुंबईचा पावसाळा आणि बंद डबा एकत्र चालत नाहीत. जिथे लोक असे कंद ठेवतात तिथे बाहेर बर्फ आणि आत गार कोरडं तळघर असतं. आपल्याकडे जूनपासून मीठसुद्धा बरणीत ओलं होतं. दोन दिवसांचं वाळवणं पुरेसं नव्हतं, मानेत ओल राहिली असणार. ५ चा एक कंद वरून कडक वाटला म्हणून कापून बघितला, आत तपकिरी. आत्याला अजून सांगितलेलं नाही.

उरलेला एक कोरड्या रेतीत, उघड्या मातीच्या भांड्यात, फ्रिजच्या मागच्या कोरड्या जागेत ठेवला.

२८ सप्टेंबर

पाऊस ओसरला. केबिनमधल्या तीन बॅगा बाहेर काढून उभ्या केल्या, वरची दोन इंच माती बदलली, एक-एक पेला पाणी. यापेक्षा जास्त नाही. काठ्या आजच रोवल्या, कडेला. छोट्या कुंड्यांमध्ये बोट घालून बघितलं तर एकीत काही लागलं नाही, दुसरीत काहीतरी कडक आहे.

९ ऑक्टोबर

तीनपैकी दोन बॅगांमध्ये कोंब, २ आणि ७. मातीच्या भांड्यातल्या गड्ड्यालाही एक डोळा फुगलाय. चार इंच झाले की शेंडे कापून त्यांचीच कटिंग करणार, विकत आणायची नाहीत.

आणि छोटी कुंडी, वाऱ्यात मोडलेल्या ५ चा तुकडा. कुंडी लहान म्हणून कंद अंगठ्याएवढाच झालाय, एकच, पण घट्ट, आणि वर दोन कोंब, काळपट जांभळे, बाकीच्यांसारखे हिरवे नाहीत. अर्धा पेला पाणी घातलं, हिरव्या जाळीखाली ठेवलं. मग आत्याला फोन लावला.